बाबांची छत्री

दादा,

मशीनला राग येत नाही, झोप येत नाही, ते घाबरत नाही, हे तुझं सगळं मान्य. तरी चाचणीप्रमुख म्हणून तुझ्या नव्या बंदूकधारी मशीनच्या मंजुरीवर मी सही करणार नाही. सख्खा भाऊ आहेस म्हणून तर मुळीच नाही.

आज चाचणी चालू असताना बाबा तुझा विसरलेला डबा घेऊन थेट मैदानात आले. गेटवर सगळे ओळखतात, अडवणार कोण? काखेत मिटलेली छत्री. तुझ्या मशीननं नळी वळवली, छत्रीला रायफल ठरवलं आणि गोळी झाडायची परवानगी मागितली. गोळ्या भरलेल्या नव्हत्या, ते सोड. पडद्यासमोरचा ऑपरेटर हसला, "अरे, हे तर साहेबांचे वडील!" आणि त्यानं नकाराचं बटण दाबलं.

नव्या मशीनमधून तू नेमकी त्याचीच खुर्ची काढलीस; ते कुणाला न विचारताच गोळी झाडणार. का, तर माणूस वेळ खातो. खाऊ दे की!

हे पत्र पाठवणार नाही. उद्या बैठकीत सगळ्यांसमोर तोंडावर बोलेन. फक्त बाबांना काय सांगायचं, ते तुझ्यावर सोडेन. मघापासून खुशीत विचारताहेत, "एवढ्या माणसांत माझ्याकडेच वळलं गं ते! पोरानं माझी ओळख शिकवलीय वाटतं त्याला?"

तुझी,
हट्टी धाकटी