पालखीचा शंख आणि तीन चेंडू

२ एप्रिल
आजपासून विडी बंद. कायमची. पालखीला सोळा दिवस. गावकीने ठरवलंय, पालखी उठायच्या आधी शंखाच्या तीन फुंका पूर्ण झाल्या नाहीत तर मान आमच्या घरातून विनेशकडे. विनेश म्हणजे माझा चुलत पुतण्या. हरामखोर. गेल्या वर्षी दुसऱ्या फुंकेला मला खोकला आला, तर आधी हाच पाणी घेऊन धावला. सगळ्यांना दाखवायला! खोकला उदबत्तीमुळे.

३ एप्रिल, सकाळी ७
एकच विडी. पोट साफ व्हायला. औषध धरायचं ते.

४ एप्रिल
अलिबागला छातीचा डॉक्टर. मिसरूड फुटलेलं पोरगं. म्हणे, फुप्फुसांना स्वतःचा जोर नसतो. खाली एक पडदा असतो, तो खाली सरकला की छाती मोठी होते आणि हवा आत येते. म्हणजे तीस वर्षं मी पडद्याच्या जिवावर शंख फुंकतोय? गाढव. वर खालच्या औषधाच्या दुकानातलं एक प्लास्टिकचं यंत्र गळ्यात मारलं. आत तीन चेंडू, नळी तोंडात धरायची, तिन्ही वर गेले पाहिजेत. कसं करायचं ते सांगत होता, मी उठून आलो. मला शिकवतो!

५ एप्रिल
जीव खाऊन फुंकलं. चेंडू जागचा हलेना. पीस डिफेक्टिव्ह.

९ एप्रिल
दुकानदाराशी भांडून नवीन आणलं. तेही डिफेक्टिव्ह. सगळे चोर. तीन विड्या. टेन्शन.

१२ एप्रिल
सून मृणाली शाळेत विज्ञान शिकवते. दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, बाबा, यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. श्वास सुटतो आपोआप, मेहनत आत घ्यायला लागते. म्हटलं, मला शंख फुंकायचाय. तर म्हणते, आत घेतलंच न्हाय तर बाहेर काय येणार? सासऱ्याला असं बोलतात? आमच्या आईची टाप नव्हती. रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो, बोंबील होते.

१३ एप्रिल
घरात कोणी नसताना ओढून बघितलं. पहिला चेंडू अर्धा वर. बाकीचे दोन मुळात जड बनवलेत. दुपारी बायकोने, केसरने, भाजी चिरता चिरता नळी तोंडाला लावली. तिन्ही टणकन वर. मीच सैल करून ठेवले होते.

१७ एप्रिल
उद्या पालखी. तयारी फुल. शंख चिंचेने घासला. विनेश समोरून आला, विचारतो, काका, बरं हाय ना? जळतोय मेला. उद्या बघतोच त्याला.

१८ एप्रिल, संध्याकाळ
देवळाच्या बावीस पायऱ्या. कोणी बांधल्या इतक्या?
पहिली फुंक झाली. दुसरी अर्ध्यात तुटली. तिसरीला नुसतं फुस्स. पालखी जागेवर. विनेशने माझ्या हातातून शंख घेतला. दोन फुंका, लांबच लांब. पालखी उठली. मग त्याने शंख धोतराला पुसून परत माझ्या हातात ठेवला आणि गावकीसमोर म्हणाला, मान काकांच्या घरातच ऱ्हाऊ दे, मी नुसती हवा दिली.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. केसरनेसुद्धा.
त्याला सणसणीत शिवी घालणार होतो. तोंड उघडलं. श्वास पुरला नाही.