पुढच्या सीटवर कुणी नाही

७ जुलै, सोम.
आज पुन्हा तोच दिवा. सुलू शेजारी बसलेली, पट्टा लावलेला, मांडीवर रिपोर्टांची पिशवी, आणि समोर पिवळी अक्षरं : पॅसेंजर एअरबॅग ऑफ. धडक बसली तर माझी बॅग उघडणार, तिची नाही. कारण गाडीच्या मते तिथे कुणी बसलेलंच नाही. भूतले घटो नास्ति. घडा दिसत नाही, सबब घडा नाही. संस्कृतच्या वर्गात जन्मभर हेच शिकवलं. आता गाडीच मीमांसक निघाली.
तिला दाखवणार नव्हतो. तिनेच पाहिलं.
"अहो, तुमच्या गाडीला मी दिसत नाही वाटतं."
"तिला चष्मा लागलाय."
प्रभादेवी ते परळ, किमोची फेरी. मागे बसलं की तिला उलट्या होतात, म्हणून पुढेच.

१२ जुलै, शनि.
शिवडीला सर्व्हिस सेंटर. अ‍ॅडव्हायझर निखिल, गळ्यात टाय, दर वाक्याला 'सर'. म्हणाला, सीटखालच्या सेन्सरच्या तक्रारी आहेत या मॉडेलमध्ये, कंपनी फुकट बदलून देणार, पार्ट यायचाय. कधी? "लवकरच, सर." संस्कृतात भविष्यकाळ दोन. हा तिसरा.
मग हळूच, "सर, मॅडमचं वेट किती?"
मी टेबलावरचं माहितीपत्रक चाळायला लागलो.
"नाही, वजन फार कमी असेल तर सेन्सर लहान मूल समजतो आणि बॅग बंद ठेवतो. मुलांना तो तडाखा सोसत नाही. सेफ्टीसाठीच आहे, सर."
म्हणजे दोन शक्यता. सेन्सर बिघडलाय. किंवा सेन्सर बरोबर आहे.
दुसरी लिहिली खरी. आता त्या ओळीकडे बघणार नाही.

२० जुलै, रवि.
सकाळी खाली जाऊन प्रयोग. मी स्वतः तिच्या सीटवर, 'ऑफ' जाऊन 'ऑन' येतं का बघायला. दिवा ऑन. उतरलो, बसलो. ऑन. पुन्हा उतरलो, बसलो. ऑफ! माझ्यासारखा ऐवज सीटवर, आणि गाडी म्हणते कुणी नाही! ओरडलोच. वॉचमन धावत आला. "क्या हुआ साब?" "गाडी खराब है!" बिचारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बिघाडावर इतकं खूश झालेलं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नसावं.
धावत वर. सुलू पेज ढवळत बसली होती. सांगितलं, शंख पांढराच आहे, बघणाऱ्याला कावीळ. दोष सेन्सरचा, तुझा नाही.
"बरं झालं. मग ही उरलेली पेज नाही संपवली तर चालेल ना?"

५ ऑगस्ट, मंगळ.
पार्ट नाही. फोनवर निखिल : "तोपर्यंत मॅडमना मागे बसवा, सर." मागे बसवून पाहिलं. सिद्धिविनायकाच्या सिग्नललाच गाडी थांबवावी लागली.
काल टॅक्सी केली. ती पुढे बसली. त्या टॅक्सीला एअरबॅग होती की नाही देव जाणे, पण मला इतकं हलकं वाटलं! समोर दिवा नव्हता, एवढंच.
तिने आता हट्ट धरलाय. फेऱ्या संपल्या की देवगड. माहेर. आपल्या गाडीने, पुढे बसून. परळच्या गर्दीत कसली आलीय धडक, पण तो हायवे...
"मांडीवर तांदळाची गोण घेते. मग तरी धरेल मला माणसांत."
तिच्यावर ओरडलो. नको होतं ओरडायला. ती हसतच होती.

२६ ऑगस्ट, मंगळ.
लालबागच्या कारखान्यातून मूर्ती आणली. आमच्याकडे गणपती घरच्या बाईच्या मांडीवर बसून येतो, आईपासून तसंच. यंदा मी घेतो म्हटलं. "आणि गाडी कोण चालवणार, उंदीर?" मूर्ती शाडूची, दिसायला लहान, उचलायला भारी. दोघांनी धरून तिच्या मांडीवर पाट ठेवला. देवाच्या तोंडावर रुमाल. मोरया. किल्ली फिरवली.
दिवा ऑन.
तिनेही पाहिलं.
"बघा, दोघं मिळून एक माणूस झालो."
पुलाखालच्या सिग्नलपर्यंत मी सुखात. मग लक्षात आलं. बॅग आता खरंच उघडेल. आणि उघडली तर पहिली लागेल मूर्तीला, आणि अख्खी शाडूची मूर्ती तिच्या छातीवर. इतके दिवस तिथे 'ऑन' यावं म्हणून देवाला साकडं, आणि आता त्यालाच विनवतोय, 'ऑफ' कर रे बाबा. पहिल्या गिअरमध्ये, बसच्या मागे मागे. मागून हॉर्न, शिव्या.
"अहो, आणायला गेलो होतो ना? विसर्जनाला निघाल्यासारखे काय चालवताय?"
हे मात्र तिला सांगितलं नाही. घरी पाट टेकवला तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटलेला.

२८ ऑगस्ट, गुरु.
दीड दिवसाचा पाहुणा गेला. हौदाजवळची मूठभर माती पाटावर घेऊन परत. पाट तिच्या मांडीवर, रिकामा. किल्ली फिरवली.
ऑफ.
ती खिडकीबाहेर बघत होती. किंवा तसं दाखवत होती.

१७ सप्टेंबर, बुध.
पार्ट आला! सेन्सर बदलला. निखिल बसला, ऑन. मी बसलो, ऑन. शिवडीच्या सगळ्या खड्ड्यांतून फिरलो, ऑन. पन्नासदा उतरून बसलो असेन, एकदाही चुकला नाही.
"आता मॅडमना बसवून बघा, सर."
म्हटलं, हो, बघू. गाडी घेऊन घरी आलो. तीन वेळा फोन हातात घेतला, तिला खाली बोलवायला. नाही बोलावलं.
आता कावीळ नाही. आता तो जे सांगेल ते खरंच.
ती सांगते, भूक लागते हल्ली. ताटात तर काही कमी होताना दिसत नाही. परळला वजनकाट्यावर उभी राहते तेव्हा आम्ही दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो. डॉक्टर 'जाऊन या' म्हणाले. 'मग बघू' असंही म्हणाले.

२० सप्टेंबर, शनि.
देवगड. सामान गाडीत टाकलं, गोळ्यांची पिशवी वरच राहिली म्हणून परत आलो. पिशवी मिळाली. तरी बसलोय, लिहितोय.
ती पुढे बसलीय. नवी साडी, अबोलीचा गजरा, पट्टाही लावला तिनेच. गाडी अजून चालू केलेली नाही, किल्ली माझ्या मुठीत. 'ऑन' आलं तर रात्रीपर्यंत देवगड. नाही आलं तर काय करायचं... मागे बस म्हणून सांगायचं? कुठल्या तोंडाने? आणि का, म्हणून विचारलंन तर?
खाली हॉर्न वाजतोय. लांब, मग दोन छोटे. वॉचमन काहीतरी बोलतोय, ती त्याला काहीतरी सुनावतेय. पुन्हा हॉर्न.
म्हणजे गाडीत माणूस आहे. मला एवढं प्रमाण पुरे आहे.
गाडीला पुरतं का, बघायला उतरतो.