तुमच्या बहिणीची स्प्रिंगची सायकल

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

घाटनांदूर,
दसरा होऊन चार दिवस झाले, सन २००१

ती. संगमेशअण्णा यांच्या चरणी शिवलिंगचा शरणार्थ.

इकडे आम्ही सगळे खुशाल. मातोश्रींचे गुडघे थंडी पडायच्या आधीच कुरकुरायला लागले आहेत, बाकी त्यांचा आवाज ठणठणीत आहे. वहिनी कशा आहेत? पुण्याची हवा त्यांना मानवली का? तुमचं ब्लड प्रेशर काय म्हणतं? आजची गोळी घेतली नसेल तर कृपा करून आधी घ्या आणि मगच खालचा मजकूर वाचा. मी थांबतो.

तुमचं पत्र मिळालं. महानंदाने फिरतीची नर्सगिरी सोडावी, अंबाजोगाईच्या ऑफिसात बसून करायची जागा चालून आली आहे ती घ्यावी, कंबर एवढी दुखत असताना आणि चाळिशी उलटून गेल्यावर सायकल दामटणं शोभत नाही, असं तुम्ही थोरल्या भावाच्या अधिकाराने लिहिलंत आणि तिला समजावण्याचं काम माझ्यावर सोपवलंत. ते मी तात्काळ केलं. त्याचा परिणाम असा झाला की आपल्या घरात एक नवी सायकल आली आहे.

आता हे कसं झालं ते सविस्तर सांगतो, म्हणजे दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवाल (माझा नाही, एवढं ध्यानात ठेवून ठरवा). तुम्हाला माहीतच आहे, उपकेंद्रापासून माळावरच्या वस्तीला जायचं तर ओढा ओलांडून पांदणीने जावं लागतं. त्या पांदणीत मातीपेक्षा गोटे जास्त. जुन्या लेडीज सायकलवरून ती वाट तुडवून तुमच्या बहिणीची कंबर गेली. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, कंबरेला हिसके बसता कामा नयेत. मी म्हणालो, बघ, डॉक्टरही तेच म्हणतात, ऑफिसातली जागा घे. ती म्हणाली, डॉक्टर हिसके नकोत म्हणाले, काम नको म्हणाले नाहीत. मी लुना घेऊन देतो म्हणालो. तर म्हणे, ओढ्यात लुना उचलून पलीकडे कोण ठेवणार, तुम्ही? (मागच्या पावसाळ्यात माझी लुना त्याच ओढ्यात बसली होती आणि तिला काढायला बैल जुंपावे लागले होते, हे तिने बोलून दाखवलं नाही. तेवढी ती सुसंस्कृत आहे.)

त्याच आठवड्यात आमच्याकडे केबल आली. मातोश्रींनी कीर्तन लागेल म्हणून हट्टाने घेतली. त्यावर एक जाहिरात लागते. एक दांडगा पोरगा डोंगरावरून सायकल घेऊन उडी मारतो, सायकल पुढून दबते, मागून दबते, आणि पोरगा दात काढत निघून जातो. मातोश्री म्हणाल्या, मरतंय बघा आता. तुमची बहीण म्हणाली, मला ही सायकल पाहिजे. मी समजावलं की ती पोरांची उड्या मारायची सायकल आहे. त्यावर ती म्हणाली, "त्या पोराला कुठं डोस पाजायला जायचंय? त्याला कावून पाहिजेत दोन-दोन स्प्रिंगा?" अण्णा, तुमच्याकडे उत्तर असेल तर कळवा.

पहिल्यांदा आम्ही अंबाजोगाईला गेलो. तिथला दुकानदार सगळं माझ्याशीच बोलत होता. म्हणे, वहिनींसाठी पुढं टोपली असलेली आहे, गुलाबी आहे, घंटी दोन आवाजांची आहे. तुमच्या बहिणीने मागच्या रांगेतली पिवळी सायकल बाहेर काढायला लावली, पुढे-मागे जाडजूड स्प्रिंगा असलेली. माझा जीव त्या पिवळ्या रंगावरच जडला होता. तिने मात्र बाळंतिणीचं पोट तपासावं तशी दोन्ही हातांनी सीट दाबली. काही हललं नाही. मग मला बसवलं. तरी काही हललं नाही. ती खाली वाकली, मागची स्प्रिंग बोटाने चाचपली आणि म्हणाली, "ही नुसती शोभेची हाय. आत लोखंडी दांडा हाय." दुकानदार म्हणाला, आजकाल असंच येतं, पोरं दिसण्यावर जातात. आम्ही चहा घेऊन परतलो (चहा चांगला होता, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे).

मग बीड. तिथे आप्पाराव म्हणून एक सायकलवाले आहेत, बिंदुसरेच्या काठापासून जवळच त्यांचं दुकान. गृहस्थ मोकळा. त्याच्याकडे खरोखर दबणाऱ्या दोन सायकली होत्या, एक लाल आणि एक काळी. लाल इतकी मऊ की पायडल मारलं की माणूस घोड्यावरच्या नवरदेवासारखा वर-खाली. काळीची मागची स्प्रिंग मात्र आवळता-सैल करता येत होती. त्याने विचारलं, बाईंचं वजन किती? म्हणजे तेवढी आवळून देतो. अण्णा, लग्नाला एवढी वर्षं झालेला माणूस असल्या प्रश्नाला काय उत्तर देईल? मी सौजन्याने बरंच कमी सांगितलं. तुमच्या बहिणीने माझ्याकडे बघितलं आणि त्याला खरा आकडा सांगितला. दुकानात बरीच गिऱ्हाइकं होती. मी उगाच एका सायकलचा टायर दाबत उभा राहिलो.

काळ्या सायकलला कॅरिअर नाही. बसतच नाही, कारण मागचं चाक आपल्या मर्जीने वर-खाली होतं. मी म्हणालो, हे कसलं वाहन, ज्याच्या मागे बायकोला बसवता येत नाही? ती म्हणाली, मागं कुणाला बसवायचंय, चालवणार मी हाय. लसीचा डबा पाठीला बांधीन.

खरी अडचण पुढेच होती. या सायकलीला मधे दांडा असतो, तिरपा आणि चांगला जाड. साडी नेसून त्यावर टांग टाकायची सोय नाही. मला मनातून हायसं वाटलं. म्हटलं, चला, देवानेच मार्ग काढला, आता जेवून परतीची गाडी धरू. तुमची बहीण म्हणाली, आलेच, आणि समोरच्या दुकानात शिरली. थोड्या वेळाने तिथून एक बाई पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कंबरेला आवळून माझ्याकडे चालत आली. परक्या बाईकडे बघत राहणं बरं नव्हे म्हणून मी तोंड फिरवलं. ती म्हणाली, "अहो, पिशवी धरा. साडी हाय आत."

अण्णा, माझी अवस्था समजून घ्या. आमचं दुकान वडिलांपासूनचं. घाटनांदूरच्या पंचक्रोशीत निम्म्या नवरीमुलींचे शालू आमच्याकडून गेले. पाटीवर लिहिलंय, 'साडी म्हणजे शिवलिंगअप्पांचीच'. आणि त्या शिवलिंगअप्पाची बायको बीडच्या भर बाजारात ड्रेस घालून उभी, तोही दुसऱ्याच्या दुकानातून घेतलेला! मी साडीची पिशवी पोटाशी आवळून धरली. ती मात्र आप्पारावांना विचारत होती, गोटे कुठे आहेत? ते म्हणाले, बाई, समोर डांबरी आहे, तिथं चालवून बघा. ती म्हणाली, डांबरीवर कुठलीबी सायकल चांगलीच असती.

शेवटी आम्ही दोन्ही सायकली घेऊन बिंदुसरेच्या पात्रात उतरलो. पाणी कडेने बारीकसं, मधे नुसते गोटे. तुमची बहीण काळीवर बसली. पहिल्यांदा डगमगली, एकदा पाय टेकवला, ओढणी चाकात जाता-जाता राहिली. मग काय झालं कुणास ठाऊक, सायकलीला तिची ओळख पटली असावी. ती सरळ त्या गोट्यांवरून पार पलीकडच्या काठापर्यंत गेली आणि वळून परत आली. खाली चाकं नाचत होती आणि वर ती स्वयंपाकघरात पाटावर बसल्यासारखी निवांत. उतरली, कंबरेवर हात ठेवून जरा उभी राहिली, आणि हसली. अण्णा, ती अशी हसलेली मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. कंबर दुखायला लागल्यापासून ती रात्री कूस बदलताना दात आवळते आणि सकाळी काहीच झालं नाही असं दाखवते. हे तुम्हाला तिने कधी कळवलं नसेल.

तुलना म्हणून लाल सायकल मी चालवून पाहिली. वाटेत अचानक एक म्हैस आडवी आली. त्या प्रकरणाचा इथे विस्तार करत नाही.

काळी सायकल एसटीच्या टपावर बांधून आम्ही निघालो. वाटेत मी हळूच म्हणालो, स्टँडवर उतरल्यावर साडी नेसून घे, आईला एकदम नको. ती बरं म्हणाली. पण उतरतो तोच वस्तीवरचा सिदू धावत आला. त्याच्या बायकोला कळा लागल्या होत्या, पहिलटकरीण, दिवस भरायला अवकाश असताना. जीप बोलावली होती, पण जीप लांबच्या रस्त्याने फिरून येणार, आणि पोरीचा हट्ट, नर्सबाई आल्याशिवाय मी हलणार न्हाई. सिदूची आई छबुबाई तिला दारात धरून बसलेली. तुमच्या बहिणीने टपावरून सायकल उतरवली. उपकेंद्रातली पेटी पाठीला बांधली आणि त्याच ड्रेसवर पांदणीत शिरली. मी साडीची पिशवी धरून स्टँडवर उभा. लोक मला विचारत होते, अप्पा, कोण हो त्या? मी म्हणालो, आमच्या ह्या.

मी आणि सिदू मागून चालत गेलो. आम्ही ओढ्याशी पोचलो तर पलीकडच्या ओल्या मातीत चाकाची रेघ होती आणि शेजारी चपलेचे ठसे. म्हणजे सायकल तिने खांद्यावर घेतली होती. तिची कंबर आठवून मी झपाझप चालायला लागलो. वस्तीवर पोचलो तेव्हा पोरीला जीपमध्ये बसवलं होतं, तुमच्या बहिणीने तिचा हात धरला होता आणि छबुबाई ओरडत होत्या, "बाई, लई जपून न्या!" जीप गेली. अंबाजोगाईला पोचल्या-पोचल्या मुलगी झाली, लहानशी, पण दोघी सुखरूप. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. (हा भाग मी विनोदाने लिहू शकत नाही, माफ करा.)

राहिली ती सायकल, वस्तीवर. ती आणायला दुसऱ्या दिवशी मीच गेलो.

आता मातोश्रींचं. त्या रात्री मी घाबरत-घाबरत सगळं सांगितलं, ड्रेससकट. आई पूजेला बसल्यासारख्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, "शिवलिंगा, साडी नेसून त्या सायकलवर बसता आलं असतं का रे?"

"न्हाई."

"चालत गेली असती तर पोचली असती का?"

"वेळेवर न्हाई."

"मग तोंड कावून पाडून बसलायस? भाकरी खा."

तेव्हा अण्णा, तिला समजावण्याचं तुमचं काम माझ्याकडून एवढंच झालं. ऑफिसच्या जागेला तिने नकार लिहून पाठवला आहे. डॉक्टरांना सायकल नेऊन दाखवली. त्यांनी स्वतः बसून पाहिली, दवाखान्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, चालेल, पण खांद्यावर घ्यायची नाही. ओढ्यावर फरशी टाकायला मी सरपंचांच्या मागे लागलो आहे. तुम्ही रागावला असाल तर माझ्यावर रागवा, तिला काही लिहू नका. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गोळी चुकवू नका.

तुमचा,
शिवलिंग

ता. क. भाऊबीजेला याल तेव्हा या वर्षी साडी आणू नका. आमच्या घरात ती कमी नाही. पुण्याच्या चांगल्या दुकानातले पंजाबी ड्रेस आणा, शक्यतो वेगवेगळ्या शिलाईचे सहा. बहिणीसाठी एक. उरलेले आमच्या शिंप्याला नमुन्याला लागतील. अंगणवाडीच्या बाई आणि शाळेतल्या दोघी दुकानात येऊन चौकशी करून गेल्या आहेत, आणि मी एक फळी मोकळी केली आहे.

दुसरा ता. क. पुण्यात दोन्हीकडे स्प्रिंगवाली सायकल पिवळ्या रंगात मिळते का, सहज विचारून ठेवा. इथल्या एका ओळखीच्या गृहस्थाला हवी आहे. वय पन्नाशीचं, कापडाचे व्यापारी, स्वभावाने शांत. त्यांनी आपलं नाव सांगू नका म्हटलं आहे.

अण्णा, यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून चार ओळी लिहिते. मी बरी आहे, काळजी करू नकोस. म्हैस आडवी आली नव्हती, ती बसलेली होती. आणि ओळखीच्या गृहस्थांचं मनावर घे. वस्तीवरून सायकल आणायला ते गेले त्या दिवशी दुपार टळली तरी आले नाहीत. आता रोज पहाटे 'हवा भरून आणतो' म्हणून नेतात आणि घामाने निथळत, गाणं म्हणत येतात. परवा डोसाचा दिवस होता. मला वस्तीवर चालत जावं लागलं. तेव्हा रंग कुठलाही चालेल, पण लवकर पाठव.
— महानंदा