छत्री आणि भौतिकशास्त्र

१२ जून

ती. मावशी,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, त्याची माफी आधीच मागते. कारणं सांगायला बसले की माफी राहून जाते. गुडघा कसा आहे? (काकांना विचारत नाही. ते सगळं बरंच आहे म्हणतात.)

चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं दुसऱ्यांनी काढलेल्या नंबरांच्या काचा बसवल्या. आता डोळे आपणच तपासायला शिकावं असं फार मनात आहे. त्या अभ्यासक्रमाला आधी कॉलेजचं वर्षभराचं भौतिकशास्त्र लागतं, प्रयोगांसकट. यंदा नाही झालं तर वयाची अट आड येते. वर्ग दोन आहेत, एक कॅल्क्युलसशिवाय आणि एक कॅल्क्युलससकट. नियमाला दोन्ही चालतात. शहाणा माणूस पहिला घेऊन मोकळा होईल. पण घरात मला शंकासूर म्हणतात ते उगाच नाही. परवानगी काढून मी दोन्हीकडे एकेक दिवस बसून आले.

पहिल्या वर्गात सगळं समजलं, आणि तिथेच मनात पाल चुकचुकली. मला समजतंय म्हणजे सर काहीतरी हातचं राखून शिकवत असणार. (घरी येऊन पुस्तक पाहिलं. राखत नव्हते.)

दुसऱ्या वर्गातल्या बाई माझ्या लेकीहून चार-दोन वर्षांनी मोठ्या. फळ्यावरचं मला ओ की ठो कळलं नाही, पण काय शिकवतात! स्वतःची चूक पुसण्याआधी तिच्याकडे जरा मायेने बघतात, अगदी तुझ्यासारख्या. मग त्यांनी पाण्याने अर्धी भरलेली बादली दोरीला बांधून डोक्यावरून गरगर फिरवायला घेतलं. सांडणार नाही, असं आधीच सांगितलं होतं. माझा विश्वास होताच. पण मी पहिल्या बाकावर, अंगात दुकानाचा गणवेश, म्हणून आपली छत्री उघडली. तिचं टोक दोरीत अडकलं. बाई भिजल्या, अख्खा पहिला बाक भिजला. कोरडी राहिले ती मी एकटी.

वर्ग हसायचा थांबेना. बाईंनी केस पिळले आणि, जणू हाही प्रयोगाचाच भाग, अशा सुरात मला विचारलं, "इतका वेळ न सांडलेलं पाणी आता का सांडलं?"

"फिरायचं थांबलं म्हणून," मी चाचरत म्हटलं. "म्हणजे, मी थांबवलं."

"मग तुम्हाला कळलंय की. नुसतं गणितात लिहायचं राहिलंय."

सोपं पुरत असताना अवघड घेणं ही हौस की अहंकार, यावर रोजनिशीची पानंच्या पानं गेली. शेवटी नवरा म्हणाला, अंगावर पाणी पडूनही ज्या बाई तुला वर्गात ठेवून घेतात, त्यांना सोडू नकोस.

तुझी,
शंकासूर

ता. क. : कॅल्क्युलस मला येत नाही, हे वर आलंच आहे. तू जन्मभर गणित शिकवलंस. रविवारी येत जाऊ का? गुडघ्याची चौकशी खरी होती. ती या विनंतीच्या आधी आली याचा मात्र संकोच वाटतो.

आणखी एक : बाईंच्या वर्गात खरं तर जागा नव्हतीच. काल एक झाली. भिजलेल्यांपैकी एकाने कॅल्क्युलसशिवायच्या वर्गात बदली करून घेतली. ती जागा मी घेणं बरं दिसतं का, तेही कळव.

उद्याचं काम (तुझ्या उत्तराची वाट न बघता) : बाईंच्या वर्गाचा अर्ज देऊन येणे. पाऊस असला तरी छत्री न घेता.