चार पिंपांची राखण

१८ मार्च, सोमवार
आज माशांच्या तळ्याच्या गाळणीचं दुसरं पिंप धुतलं. भांडी घासायच्या एकशे चाळीस घासण्या, सासूबाईंचे – इबूंचे – केस कुरळे करायचे छत्तीस रोलर. सगळे तळ्याच्याच पाण्यात खळबळून परत आत. हात कोपरापर्यंत बुळबुळीत! उरलेली तीन पिंपं, जुनी मच्छरदाणी, फुटकी कौलं आणि कापलेल्या नळ्यांची, आपापल्या सोमवारची वाट बघतात. चारही एकदम धुवायची नाहीत. आतला तो बुळबुळीत थर जिवंत असतो, पाणी तोच राखतो.

दुकानातली गाळणी परवडेना म्हणून दोन वर्षांपूर्वी घरातल्या भंगारातून मीच हे उभं केलं. कोणी सांगितला होता शहाणपणा! आता सासरे, बापाक, सगळ्या ब्लितारला ऐकवतात – "आमच्या कोई माशांना लास्मीच्याच हातचं पाणी लागतं."

म्हणजे लास्मीने हलायचं नाही.

२१ मार्च
सुराबायाहून पत्र! इस्पितळात नर्सची जागा. १६ एप्रिलला, मंगळवारी, हजर व्हायचं. लग्नाआधीचं माझं प्रमाणपत्र अजून कुणाला तरी कामाचं वाटलं! आनंदात भात करपवला.

२२ मार्च
रोजा सोडताना विषय काढला. बापाकच्या तोंडात खजूर, डोळे तळ्याकडे. "आणि न्याईचं कोण बघणार?"

न्याई म्हणजे त्यांची लाडकी कोई. बारा वर्षांची, पांढरीशुभ्र, कपाळावर लाल टिळा. सुनेपेक्षा तिचा थाट जास्त.

"तळ्यात मासे आहेत तोवर तू कुठे जायचं नाहीस, पोरी. मग बघू."

मग कधी? कोई तीस-चाळीस वर्षं सहज जगते!

नवऱ्याचा जहाजावरून निरोप – "बापाक म्हणतील तसं." नवरा आहे की पोपट!

इबू उठल्या. ताटं उचलून आत गेल्या. निदान एक शब्द?

२५ मार्च
तिसरं पिंप. कौलांनी बोट कापलं. इबू कधी नव्हे त्या शेजारी येऊन उकिडव्या बसल्या.

"हे नळाच्या पाण्याने धुतलं तर गं?"

"थर मरेल. मग मासेही."

"आणि ब्लीचिंग पावडरने?"

"दोन दिवसांत सगळे पोट वर करून!"

"हं," म्हणाल्या, आणि कोथिंबीर निवडायला गेल्या.

१ एप्रिल
चौथं पिंप. पत्राची घडी आता उशीच्या अभ्र्यात ठेवलीय. रोज काढते, वाचते, परत ठेवते.

६ एप्रिल
काय सांगू! ईद चार दिवसांवर, घरोघर साफसफाई चालू. मी बाजारातून आले तर अंगणात ब्लीचिंगचा भपकारा. इबूंनी चारही पिंपं उपसून, घासून, लख्ख करून परत भरलेली! घासण्या नव्यासारख्या हिरव्यागार.

"पाहुणे येणार. घाण बरी दिसते का?"

मी किंचाळले. सासूवर, तेही रोज्यात! "दहा वेळा सांगितलं होतं ना! कान आहेत की कौलं?"

त्या शांतपणे हात पुसत राहिल्या. बापाक तळ्याकडे धावले.

७ एप्रिल
तीन लहान मासे मेले. न्याई पाण्यावर तोंड काढून धापा टाकतेय.

खरं लिहू? इथे कोण वाचतंय! सकाळी काठावर उभी राहिले आणि मनात आलं – मरू दे. सगळे मरू देत. सोळाला पहाटे मी बसमध्ये असेन.

मग न्याईने वळून बघितलं. मेलीने माझ्याकडेच बघितलं. बादली उचलली.

८ एप्रिल
शेजारच्या पार्नीताईंना गेल्या वर्षी त्यांच्या तळ्यासाठी माझ्या थर धरलेल्या, मुरलेल्या घासण्या दिल्या होत्या. त्यांच्याकडून पोतंभर परत मागून आणल्या. विहिरीचं पाणी ओढून खांदे गेले. इबूंशी बोलणं बंद.

९ एप्रिल
न्याईने दाणा खाल्ला! बापाक रडले. "बघ, तुझ्यावाचून चालतं का?"

झालं. बेडी होतीच, आज मी स्वतःच तिला कुलूप घातलं. पत्र फाडायला घेतलं, हात धजला नाही.

१० एप्रिल, ईद
रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. बापाकची मागितली. मग इबूंच्या मांडीवर डोकं ठेवलं – "तुमच्यावर ओरडले, माफ करा."

त्या माझ्या कानाशी वाकल्या. लोकांना वाटलं, आशीर्वाद देतायत.

"माफी मी मागायची. ठरवून केलं होतं. मासे गेले की तू सुटशील म्हणून. रोज्यात पाप केलं, आणि तू मूर्ख मुली, बादल्या घेऊन त्यांना वाचवत बसलीस!"

मला मान वर करवेना.

"तुझ्या सासऱ्यांचं मी बघते. कुठल्या सोमवारी कुठलं पिंप धुवायचं ते मला दाखव, आणि मंगळवारी पहाटे नीघ."