तारू, तट्टू आणि रिदम नंबर ४७

६ नोव्हेंबर २००५, रविवार
आजही चर्चमध्ये गाता आलं नाही. तोंड उघडलं, नुसती हवा आली. सलग नववा रविवार. कॉयर लीडरला हे शोभत नाही. मीनाला माती दिली त्यालाही आज नऊ आठवडे झाले, पण त्याचा इथे संबंध नाही. बायको जाते, माणूस राहतो. मी व्यवस्थित आहे. जेवतो, ऑफिसला जातो. काही वाटत नाही.
दोष चालीचा आहे. शंभर वर्षांची चाल, एकेक ओळ रबरासारखी ताणायची. अशाने कोण गाईल?
निश्चय : जुनी गीतं मॉडर्न करायची. नाताळला आवाज हिंगोलीतून थेट कळमनुरीपर्यंत गेला पाहिजे.

९ नोव्हेंबर
बँडवाल्या रूपसिंगचा कॅसिओ आणला. शंभर रिदम. बटण दाबलं की आपोआप वाजतो. आपण फक्त उभं राहायचं. हेच पाहिजे होतं.

१३ नोव्हेंबर, रविवार
प्रॅक्टिस. बायका पाच, पुरुष मी. रिदम ४७ लावला. भागूबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, जावईबापू, गाणं काहून पळून राहिलं? कुटं आग लागली का?
खरी अडचण गीत २१८. ‘वादळी तारू माझे, प्रभो, ने तीराला.’ छापलंय तारू, म्हणजे जहाज. बायका म्हणतात तट्टू. पाचही जणी. ही मीनाची करणी. माहेर तांड्यावरचं. चौदा वर्षं तिला दुरुस्त करत होतो. ती म्हणायची, तारू आमी पाह्यलं न्हाई. तट्टू अंधारातबी बराबर घरी येतं.
समुद्रात तट्टू! नाताळपर्यंत तारू करून घेणार.

२० नोव्हेंबर
वीस वेळा तारू म्हणवून घेतलं. म्हणाल्या. रिदम लावला की पुन्हा तट्टू. मी स्वतः गाऊन दाखवणार होतो, पण घसा. थंडी पडायला लागलीय. पुस्तकावर बोट ठेवून दाखवलं.

४ डिसेंबर
चर्चचे पाळक प्रेमदास म्हणाले, २१८ आपण माती देताना म्हणतो, मीनाच्या वेळीही तेच म्हटलं, नाताळला दुसरं घ्या. मी म्हणालो, रिदम ४७ मध्ये ते मातीचं गीत राहतच नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, बराच वेळ. पटलं असणार.

११ डिसेंबर
सासूबाईंनी मीनाचं गीतपुस्तक आणून दिलं. पान उघडलं. तारू खोडून पेन्सिलीने तट्टू लिहिलंय, ठळक. छापील पुस्तकात खाडाखोड! खोडरबर काढलं. परत ठेवलं. रबर जुनं, कागद फाटला असता.

१८ डिसेंबर
रूपसिंग ऐकायला आला. म्हणाला, भाऊ, ४७ म्हणजे नवरीच्या दारात वरात नाचते तो ठेका. मी म्हणालो, म्हणूनच निवडला. (माहीत नव्हतं.) तयारी शंभर टक्के.

२५ डिसेंबर, दुपारी २
नाताळ. चर्च खच्चून भरलेलं. दहाला उपासना. दहाला लोडशेडिंग सुरू होतं हे हिंगोलीत लेकरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. लक्षात नव्हतं, एवढंच.
२१८च्या दुसऱ्या ओळीला लाईट गेली. कॅसिओ मेला. मी बटण दाबत राहिलो. बायका थांबल्या नाहीत. सासूबाईंनी ओळ धरली आणि हळूहळू ताणत नेली, तीच शंभर वर्षांची चाल. डाव्या हाताला मीना उभी राहायची ती जागा. तिथे कुणी उभं राहिलं नव्हतं.
मग माझ्या तोंडातून आवाज आला. फाटका, पण आला. अख्खं कडवं म्हटलं. डोळे आलेले नाहीत, उगाच पाणी येत होतं.
सगळ्यांनी ऐकलंच आहे, म्हणून लिहून ठेवतो. मी तट्टू म्हणालो. तेही दोनदा.