मागची गार खोली आणि झिपरीची चादर

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, धंदा इस्त्रीचा, आज सकाळी चहा पिऊन आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचून हा कागद लिहायला बसलो आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे दोन्ही साक्षीदारांचे मत पडले. मला कोणी भरीस घातलेले नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही, आणि पुन्हा करायची हौसही नाही.

१. विजेच्या दोन इस्त्र्या, लांब टेबल आणि पाणी शिंपडायची पितळी झारी माझ्या धाकट्या भावाला द्यावी. कोळशाची जुनी इस्त्रीही त्यालाच द्यावी. ती साडेसात किलोची आहे, निदान त्या निमित्ताने तो आयुष्यात काहीतरी उचलेल. चारचौघांत तो मला 'कुत्र्यांचा मामा' म्हणतो हे माझ्या कानावर आले आहे. मी ते मनावर घेतलेले नाही, फक्त इथे नोंदवून ठेवतो. शेजारच्या शिंप्याला एक इस्त्री द्यायची फार इच्छा होती, पण साक्षीदाराला काही दिले तर कागद लंगडा पडतो म्हणतात. तो साक्षीदार झाला, आता भोगावे.

२. पुढचे दुकान, वरची खोली, मागची खोली आणि तिच्यामागचे मातीचे अंगण, हे सगळे माझ्या एकुलत्या एक मुलीचे. अट एकच. उन्हाळ्याचे चार महिने, सकाळी दहापासून ऊन उतरेपर्यंत, मागच्या खोलीचे दार गल्लीतल्या कुत्र्यांसाठी उघडे राहिले पाहिजे. अंगणात फरशी बसवायची नाही. समोरचा फरशीवाला दर वर्षी नमुने घेऊन येतो, गोड बोलतो, माणूस वाईट नाही, पण त्याला अंगणापर्यंत येऊ देऊ नये. कुत्री माती उकरून खालच्या ओलाव्यावर पोट टेकतात, ते फरशीवर कसे जमणार?

३. खोली कशी चालवायची ते लिहून ठेवतो. पाण्याची घमेली तीन, सावलीत, आणि दिवसातून चारदा पाणी बदलायचे. बर्फ लागत नाही, नळाचे पाणी पुरते. टेबलफॅन जमिनीवर ठेवायचा, माणसाच्या उंचीवर नाही. बसक्या नाकाचे कुत्रे आले तर त्याला पंख्यासमोरची जागा द्यायची, कारण त्याला धाप लवकर लागते. भर दुपारी कोणी कुत्र्याला डांबरी रस्त्यावरून फिरवत असेल तर त्या माणसाला आधी स्वतःचा तळहात रस्त्यावर टेकवायला सांगायचे. मी सांगत आलो आहे. दोघांनी शिव्या दिल्या, एकाने खरेच हात टेकवला आणि कुत्र्याला उचलून घरी नेले.

या घरात मी चाळीस वर्षे काढली, पण त्यातला सगळ्यात गार कोपरा कोणता हे मला ठाऊक नव्हते. ते एका लंगड्या कुत्रीने दाखवले. आली, खोलीभर फिरली, चार ठिकाणी बसून उठली आणि टाकीच्या पाइपाखाली, भिंत जिथे किंचित पाझरते तिथे, अंग टाकून दिले. मी तिथे हात लावून पाहिला. अंगावर काटा आला.

आणि मागल्या उन्हाळ्यातली ती एक दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. खोलीत एकोणीस कुत्री होती, त्यांत दोघे असे की एकमेकांचे कान फाडलेले. त्या दिवशी ते पाठीला पाठ लावून पडले होते. कोणी गुरगुरले नाही, पाण्यावर कोणी हक्क सांगितला नाही. ना घाम येत, ना बोलता येत, एवढ्या जिवांच्या अंगातली आग नुसत्या जिभेवाटे बाहेर पडत होती, आणि खोलीभर तोच एक आवाज होता. मी इस्त्री बंद केली आणि उंबऱ्यात बसून राहिलो. ज्याने कोणी हे जमवले त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले. जोडलेही. मी देवाचे फारसे करणारा नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

४. बँकेत जे असेल ते मुलीचे. फार नाही.

५. आता जे लिहायला हा कागद केला ते लिहितो.

अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे झिपरी नावाची कुत्री होती. केसाळ, अंगाने दांडगी, मुलीच्या मागे मागे फिरणारी. त्या वर्षी उन्हाने कहर केला. झिपरीला उकडते म्हणून मुलीने दुकानातल्या कात्रीने तिचे केस अगदी कातडीपर्यंत कापले. तिला बिचारीला काय माहीत की तोच केसांचा थर ऊन अडवतो. दुपारी झिपरी अंगणात कोसळली. मुलगी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडरला आणायला पळाली. मी एक चादर पाण्यात बुडवली, झिपरीला तिच्यात गुंडाळले, मागच्या खोलीत निजवले आणि पुढे येऊन हॉटेलच्या गणवेशांची उरलेली इस्त्री करत बसलो. मला वाटले, झाले काम.

ते दोघे आले तेव्हा चादर कढत झाली होती. कंपाउंडरने ती ओढून काढली, पोटावर आणि पंजांवर साधे पाणी ओतले, वारा घातला. उपयोग झाला नाही. मुलगी बाहेर गेल्यावर तो मला हळूच म्हणाला, "केस कापल्याने नसती गेली. चादरीत वाफ कोंडली."

ओले कापड आणि उष्णता यांची वाफ होते, हे मला कोणी सांगायला हवे होते का? मी जन्मभर त्याच वाफेवर पोट भरले आहे. तरी अंगणात येऊन मी मुलीला म्हणालो, "तू मारलंस तिला." पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. महिन्यातून एकदा फोन करते, तब्येत विचारते, ठेवते. घरी आलेली नाही.

म्हणून लिहून देतो, की झिपरी माझ्या हातून गेली. मुलीचा त्यात दोष नव्हता. मी खोटे बोललो आणि भित्रेपणाने तसेच राहू दिले.

६. इथवर लिहून कागद साक्षीदारांपुढे ठेवला. शिंप्याने पेन उघडले. दुसरा साक्षीदार तोच कंपाउंडर, त्याने शिंप्याचा हात धरला आणि मला म्हणाला, "हे तिने तुम्ही गेल्यावर वाचायचं? मग तिने भांडायचं कोणाशी?" सही करणार नाही म्हणाला. शिंप्यानेही पेन बंद केले.

तेव्हा मी मुलीला फोन लावला. स्वतःच्या शब्दांत सांगणे जमेना, म्हणून कलम पाच जसेच्या तसे वाचून दाखवले.  ती म्हणाली, "ती चादर मीच धुतली होती, बाबा. आतल्या बाजूला तिचे बारीक केस चिकटलेले होते. वाफ आतच कोंडली होती, हे मला तेव्हाच कळलं."

मी विचारले, मग अकरा वर्षे बोलली का नाहीस?

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

 ती शनिवारी येते आहे.

वरील सर्व मजकूर माझ्या अक्षरात आहे, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचलेला आहे, आणि खरा आहे म्हणून त्याखाली सही करतो.

सही: इस्त्रीवाला (सही माझीच आहे)

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी
साक्षीदार दुसरा: जनावरांच्या दवाखान्यातला निवृत्त कंपाउंडर (दुसऱ्यांदा मागितल्यावर सही केली)

ठिकाण: दुकानाची मागची खोली, दार उघडे
दिनांक: चौदा मे, दुपारी साडेबारा. आत सात कुत्री.